रॉस २ चा प्रोजेक्ट असा मांडा की कुठल्याही मशीनवर उभा राहील

रॉस म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम, रोबोटचा कोड लिहायला आणि त्याचे भाग एकमेकांशी बोलते ठेवायला वापरतात ते सॉफ्टवेअर. ते वापरणाऱ्या कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये एक तक्रार कायम ऐकू येते, कोड एकाच्याच लॅपटॉपवर चालतो आणि बाकी कुणाकडे चालत नाही. मग फायनल इयरची मुलं पास होऊन गेली की ज्युनिअरच्या हातात गिटहबची एक लिंक उरते जी बिल्डच होत नाही. बहुतेक वेळा अल्गोरिदम बरोबरच असतो, पण तो चालायला लागणारी निम्मी माहिती त्या सिनिअरच्या डोक्यात असते आणि उरलेली त्याच्या बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये. म्हणून माझा आग्रह एकच आहे, ज्या मशीनवर नुसतं उबुंटू टाकलंय त्यावर रेपो (गिटवर ठेवलेला प्रोजेक्टचा कोड) उतरवून चार-पाच कमांडमध्ये रोबोट उभा राहिला पाहिजे, आणि हे पहिल्या दिवसापासून जपायचं, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नाही. ई-यंत्र असो, रोबोकॉन असो नाहीतर कंपनीतला एएमआर (स्वतः वाट काढत फिरणारा रोबोट), खाली जे लिहिलंय ते सगळीकडे लागू पडतं.

आधी व्हर्जन ठरवा, आणि ते बोर्ड बघून ठरवा

रॉस १ मध्ये आता काही नवीन सुरू करू नका. त्याचं शेवटचं व्हर्जन नोएटिक, आणि त्याचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. युट्यूबवर अजूनही कॅटकिन मेक (रॉस १ ची बिल्ड करायची कमांड) शिकवणारे ढीगभर व्हिडिओ आहेत, त्यातली थिअरी बघा, कमांड कॉपी करू नका.

रॉस २ मध्ये सध्या विचार करण्यासारखी दोन लाँग टर्म व्हर्जन आहेत. हंबल हे मे २०२२ मध्ये आलं, उबुंटू २२.०४ वर चालतं आणि मे २०२७ पर्यंत सपोर्ट आहे. जॅझी हे मे २०२४ मध्ये आलं, उबुंटू २४.०४ वर चालतं, सपोर्ट मे २०२९ पर्यंत. मधल्या विषम वर्षांत येणारी व्हर्जन, म्हणजे २०२३ चं आयर्न किंवा २०२५ चं किल्टेड, यांचं आयुष्य दीडेक वर्षाचंच असतं, दोन वर्षं चालवायच्या प्रोजेक्टला ती घेऊ नका.

आता लोक इथे गडबड करतात ती अशी, लॅपटॉपवर जे असेल ते धरतात आणि रोबोटवरचा बोर्ड नंतर बघतात. उलटं करा. रास्पबेरी पाय ५ असेल तर त्यावर उबुंटू २२.०४ अधिकृतपणे चालत नाही, म्हणजे २४.०४ आणि जॅझी. जेटसन ओरिन जेटपॅक ६ वर असेल तर त्याच्या खाली उबुंटू २२.०४ आहे, म्हणजे हंबल. मग लॅपटॉपलाही तेच व्हर्जन ठेवा, आणि लॅपटॉपवर दुसरं उबुंटू असेल तर डॉकरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या वेगळ्या बंदिस्त उबुंटूत, ते व्हर्जन चालवा. रोबोटवर हंबल आणि लॅपटॉपवर जॅझी असं ठेवून त्यांनी एकमेकांशी नीट बोलावं अशी अपेक्षा करू नका, कधी चालल्यासारखं दिसतं आणि मग मधेच एखाद्या मेसेजवर अडकतं, ती गॅरंटी कुणीच दिलेली नाहीये.

वर्कस्पेस आणि पॅकेज

वर्कस्पेसचं फोल्डर करा, त्यात एसआरसी (सोर्स कोडचं फोल्डर), आणि तुमचा गिट रेपो त्या एसआरसीच्या आत. कोलकॉन बिल्ड (रॉस २ ची बिल्ड करायची कमांड) चालवलं की बाजूला बिल्ड, इन्स्टॉल आणि लॉग अशी तीन फोल्डर तयार होतात, ती गिटमध्ये कधीच जाऊ द्यायची नाहीत, कारण त्यात तुमच्या मशीनचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर ते नुसता गोंधळ घालतात. गिटइग्नोरमध्ये पहिल्याच कमिटला ही तीन नावं टाका.

सगळं एकाच पॅकेजमध्ये कोंबू नका. रोबोट छोटा असला तरी किमान चार भाग करा: डिस्क्रिप्शन, ज्यात यूआरडीएफ (रोबोटच्या रचनेचं वर्णन) आणि मेश (भागांचे थ्रीडी आकार) असतील, इंटरफेसेस, ज्यात तुमचे स्वतःचे मेसेज आणि सर्व्हिस असतील, मग प्रत्यक्ष कोडची पॅकेजेस, आणि ब्रिंगअप, ज्यात लाँच फाइल (कुठले प्रोग्रॅम एकत्र सुरू करायचे ते) आणि यामल (सेटिंगच्या फाइल), बाकी काही नाही. इंटरफेसेस वेगळं ठेवायला एक पक्कं कारण आहे, कस्टम मेसेज बनवायला एमेंट सीमेक पॅकेज लागतं, एमेंट पायथनच्या पॅकेजमध्ये ते बनत नाहीत, आणि पायथनवाली मुलं दोन दिवस तिथेच डोकं फोडत बसतात.

डिपेंडन्सीचा, म्हणजे कोडला लागणाऱ्या बाकीच्या पॅकेजेसचा, मुद्दा मात्र नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथेच मरतात. कोडमध्ये जे जे इम्पोर्ट किंवा इन्क्लूड केलंय ते पॅकेज डॉट एक्सएमएलमध्ये लिहिलेलंच पाहिजे. तुमच्याकडे ते आधीच इन्स्टॉल असतं म्हणून न लिहिताही चालतं, आणि दुसऱ्याकडे नसतं म्हणून त्याच्याकडे फुटतं. हे लिहिलं असेल तर नवीन माणसाने फक्त रॉसडेप (लागणारी पॅकेजेस उतरवणारं टूल) अपडेट करायचं आणि रॉसडेप इन्स्टॉलला एसआरसीचा पाथ द्यायचा, लागेल ते सगळं आपोआप उतरतं. पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) काही टाकायची वेळ आली तर आधी बघा की रॉसडेपमध्ये त्या लायब्ररीची नोंद आहे का, बऱ्याचदा असते. उबुंटू २४.०४ वर पिप सरळ सिस्टीममध्ये टाकू देत नाही, एरर देतं, आणि मग लोक तो ब्रेक सिस्टीम पॅकेजेसवाला फ्लॅग लावून मोकळे होतात. तो फ्लॅग लावायच्या आधी दहा मिनिटं शोधा, कारण त्याने नमपाय या गणिताच्या लायब्ररीचं व्हर्जन बदललं की सीव्ही ब्रिजसारख्या (रॉसचे फोटो ओपनसीव्हीला देणाऱ्या) गोष्टी अचानक कोसळतात आणि कारण कुणालाच आठवत नाही.

बाहेरचे रेपो सोर्समधून लागत असतील, समजा लायडारचा (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा) ड्रायव्हर, तर ते कॉपी करून आपल्या रेपोत चिकटवू नका. व्हीसीएस टूल वापरा. डॉट रेपोज नावाची एक छोटी यामल फाइल असते, त्यात कुठला रेपो आणि कुठलं कमिट ते लिहायचं, आणि नवीन मशीनवर व्हीसीएस इम्पोर्ट मारायचं. ब्रँचचं नाव नको, कमिटचा हॅशच लिहा, आज मेन ब्रँचवर जे चालतंय ते पुढच्या महिन्यात चालेलच असं नाही.

बिल्ड करताना

कोलकॉन बिल्ड नेहमी वर्कस्पेसच्या मुळात उभं राहून मारा. चुकून एसआरसीच्या आत मारलं तर तिथे दुसरं बिल्ड-इन्स्टॉल तयार होतं आणि मग आपण एक बदलतोय आणि चालतंय दुसरंच, असं होतं. सिमलिंक इन्स्टॉल हा फ्लॅग लावायची सवय करा, म्हणजे पायथन, लाँच आणि यामलमधले बदल पुन्हा बिल्ड न करता लागू होतात. फक्त नवीन फाइल घातली की एकदा बिल्ड करावंच लागतं. एकाच पॅकेजवर काम चालू असेल तर पॅकेजेस सिलेक्ट, आणि त्याच्या खालच्या डिपेंडन्सीसकट हवं असेल तर पॅकेजेस अप टू.

रास्पबेरी पायवर नॅव्ह २ (रोबोटला वाट शोधून देणारं पॅकेज) सारखं काही सोर्समधून बिल्ड करायला घेतलं की बोर्ड गोठतो, माउस हलत नाही, एसएसएच तुटतं. रॅम संपलेली असते. पॅरलल वर्कर्स १ करा, मेकफ्लॅग्जमध्ये -j1 करा, आणि दोन-चार जीबीची स्वॅप फाइल द्या. वेळ लागेल, पण होईल. त्याहून चांगलं म्हणजे जे एपीटीने (उबुंटूच्या इन्स्टॉलरने) मिळतं ते एपीटीनेच घ्या.

सोर्स करण्याचं, म्हणजे सेटअप फाइल वाचून टर्मिनलला रॉस कुठे आहे ते सांगण्याचं, एक शिस्तीचं काम आहे. एका टर्मिनलमध्ये फक्त ऑप्ट फोल्डरमधलं (सिस्टीमवर टाकलेलं) रॉस सोर्स करून बिल्ड करायचं, आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये आपल्या इन्स्टॉल फोल्डरमधलं सेटअप सोर्स करून चालवायचं. बॅशआरसीत तीन-तीन वर्कस्पेस सोर्स करून ठेवलेले असतात, कधी कधी तर हंबल आणि जॅझी दोन्ही, आणि मग कुठलं पॅकेज कुठून उचललं जातंय याचा पत्ताच लागत नाही. बॅशआरसीत फार तर ऑप्टमधली एक ओळ ठेवा. पॅकेजचं नाव बदललं, फोल्डर हलवलं, किंवा काहीतरी अतर्क्य वागतंय असं वाटलं तर बिल्ड, इन्स्टॉल, लॉग तिन्ही उडवा आणि परत बांधा, त्यात काहीच नुकसान नाही.

आणि हे एक, बिल्ड व्यवस्थित होतं, पण लाँच केलं की फाइल सापडत नाही म्हणतं. फाइल एसआरसीत डोळ्यासमोर दिसत असते. कारण एवढंच की रॉस २ चालवताना एसआरसीत बघतच नाही, ते इन्स्टॉलच्या आतल्या शेअर फोल्डरमध्ये बघतं, आणि तिथे ती फाइल पोचवायचं काम आपण सांगावं लागतं. सीमेकवाल्या पॅकेजमध्ये इन्स्टॉल डिरेक्टरीची ओळ, ज्यात लाँच, कॉन्फिग, यूआरडीएफ ही नावं. पायथनवाल्यात सेटअप डॉट पीवायमधलं डेटा फाइल्स.

कॉन्फिगरेशन: आकडे कोडमध्ये नकोत

चाकाची त्रिज्या, दोन चाकांमधलं अंतर, जास्तीत जास्त वेग, पीआयडीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलचे) गेन, पोर्टचं नाव, हे सगळं यामलमध्ये पाहिजे. कोडमध्ये ०.०३३ असा आकडा दिसला तर तो तिथून काढा, कारण दुसऱ्या रोबोटला वेगळी चाकं लागली की कुणीतरी कोडची कॉपी करणार आणि मग दोन कोड सांभाळत बसायचं.

यामलच्या तीन जागा अशा आहेत जिथे माणूस हमखास अडतो. रॉस पॅरामीटर्स या कीमध्ये रॉस आणि पॅरामीटर्सच्या मध्ये दोन अंडरस्कोअर असतात, एक नाही. दुसरं, सगळ्यात वर लिहिलेलं नोडचं (रॉसमधल्या एका प्रोग्रॅमचं) नाव आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या नोडचं नाव जुळलं पाहिजे, नेमस्पेससकट. नाही जुळलं तर एरर येत नाही, नोड गुपचूप डिफॉल्ट आकड्यांवर चालू होतो, आणि तुम्ही यामलमध्ये गेन बदलत राहता आणि रोबोट मख्ख. अशा वेळी अंदाज करत बसू नका, रॉस २ पॅराम डंप मारा, नोडकडे खरोखर कुठले आकडे पोचलेत ते समोर येतं. तिसरं म्हणजे टाइप. पॅरामीटर डबल म्हणून डिक्लेअर केलाय आणि यामलमध्ये मॅक्स स्पीड समोर नुसतं १ लिहिलं तर रॉस २ त्याला इंटिजर समजतं आणि नोड उठतानाच पडतो, १.० लिहिलं की चालतं. एका टिंबाचा फरक, पण टीममध्ये नवीन आलेल्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसेल तर त्याची अख्खी संध्याकाळ जाते.

प्रत्येक रोबोटची यामल वेगळी, सिम्युलेशनची वेगळी, आणि कुठली उचलायची ते लाँच अर्ग्युमेंटने ठरवायचं. यूज सिम टाइम (सिम्युलेशनचं घड्याळ वापरायचं का) हा पण अर्ग्युमेंटच ठेवा. गझीबोत (सिम्युलेटरमध्ये) काम करताना तो ट्रू ठेवलेला असतो आणि तसाच खऱ्या रोबोटवर गेला की क्लॉक टॉपिक (टॉपिक म्हणजे नोड एकमेकांना मेसेज पाठवतात ती वाहिनी) नसल्यामुळे नोडचं घड्याळ शून्यावरच थांबतं, टायमर चालत नाहीत, एरर दिसत नाही, सगळं जिवंत वाटतं पण काहीच घडत नाही. रोबोट आणि सिम्युलेशनमध्ये ये-जा करताना पहिला संशय इथे घ्या.

एककांबद्दल वाद घालू नका, ते आधीच ठरलेलं आहे. रेप १०३ (रेप म्हणजे रॉसचे लिखित ठराव) प्रमाणे अंतर मीटरमध्ये, कोन रेडियनमध्ये, एक्स पुढे, वाय डावीकडे, झेड वर. फ्रेमची नावं रेप १०५ प्रमाणे मॅप, ओडोम, बेस लिंक. आर्डुइनोवर कुणाला मिलिमीटर आणि डिग्री सोयीचे वाटत असतील तर ते आर्डुइनोच्या आतच राहू द्या, रॉसमध्ये शिरताना बदलून घ्या.

यूएसबी पोर्ट

काल लायडार टीटीवाय यूएसबी ० वर होता आणि मोटर कंट्रोलर १ वर, आज रोबोट बंद करून चालू केला आणि दोघांची अदलाबदल झाली. आता लायडारचा ड्रायव्हर मोटर कंट्रोलरशी बोलायला बघतोय. लिनक्स हे नंबर ज्या क्रमाने डिव्हाइस सापडतील त्या क्रमाने देतं, त्यामुळे त्यावर विसंबायचंच नाही. युडेव्हचा (डिव्हाइसला नाव देणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहा: व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी बघून डेव्हच्या खाली लायडार किंवा मोटर्स असं पक्कं नाव द्यायचं, आणि यामलमध्ये तेच नाव वापरायचं. सीपी २१०२ चिपचा आयडी १०सी४ आणि ईए६०, सीएच ३४० चा १ए८६ आणि ७५२३, एलएसयूएसबी मारलं की दिसतात. पण दोन्हीकडे एकच चिप असेल तर? मग सिरियल नंबर बघा, आणि स्वस्त बोर्डांवर पुष्कळदा सिरियल नंबरही सारखाच निघतो, तेव्हा डेव्ह सिरियलखालच्या बाय पाथचा आधार घ्या आणि कुठली वायर कुठल्या पोर्टात जाते ते रोबोटवरच लेबल लावून लिहा. ही युडेव्हची फाइलसुद्धा रेपोतच राहू द्या, ती कॉपी करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टसकट.

परमिशन डिनाइड आलं तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या, दर वेळी सीएचमॉड ७७७ मारत बसू नका. आणि उबुंटू २२.०४ वर सीएच ३४० वाला बोर्ड लावला की पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय नावाचं ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज तो पोर्ट स्वतःचा समजून ओढतंय, मशीनवर ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते काढून टाका.

नेटवर्क, आणि एरर न देता गप्प बसणाऱ्या गोष्टी

एका लॅबमध्ये चार टीम, एकच वायफाय, आणि एकाने टेलिऑप (लॅपटॉपवरून रोबोट हाकायचा प्रोग्रॅम) चालवलं की दुसऱ्याचा रोबोट पळतो. रॉस २ मध्ये मास्टर नसतो, एका नेटवर्कवरचे आणि एका डोमेनमधले सगळे एकमेकांना आपोआप शोधतात, आणि डिफॉल्ट डोमेन सगळ्यांचं ०. म्हणून प्रत्येक रोबोटला वेगळा रॉस डोमेन आयडी द्या, ० ते १०१ मधला कुठलाही बिनधास्त वापरा, आणि तो आकडा रोबोटच्या बॉडीवर स्टिकर लावून ठेवा. कॉलेजच्या वायफायवर रोबोट पिंग होतो पण टॉपिक दिसत नाहीत असं असेल तर बहुधा मल्टिकास्ट (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम मेसेज पाठवणं) बंद केलेलं असतं, तिथे आयटी विभागाशी भांडण्यापेक्षा स्वतःचा छोटा राउटर रोबोटसोबत न्या.

टॉपिक दिसतोय पण आरव्हिझमध्ये (रोबोटचा डेटा चित्रात दाखवणाऱ्या टूलमध्ये) लेझर स्कॅन येत नाही, तर क्यूओएस, म्हणजे मेसेज पोचवायच्या अटी, बघा. सेन्सर ड्रायव्हर बऱ्याचदा बेस्ट एफर्टने पाठवतो आणि आरव्हिझ रिलायबल मागत असतं, ते जुळत नाही. आरव्हिझच्या त्या डिस्प्लेत रिलायबिलिटी बदलली की ठिपके दिसायला लागतात.

जॅझीवर आलेल्यांना अजून एक अडचण हमखास येते. डिफ ड्राइव्ह कंट्रोलर (दोन बाजूंच्या चाकांचा वेग सांभाळणारा) आता ट्विस्ट स्टॅम्प्ड, म्हणजे वेळेचा शिक्का असलेला वेगाचा मेसेज घेतो, आणि टेलिऑप ट्विस्ट कीबोर्ड साधा ट्विस्ट पाठवतो. टॉपिकचं नाव बरोबर, दोन्ही नोड चालू, रोबोट जागचा हलत नाही. टॉपिक इन्फो व्हर्बोज मारा, एकाच टॉपिकवर दोन वेगळे टाइप दिसतील. टेलिऑपला स्टॅम्प्ड हा पॅरामीटर ट्रू द्या, झालं.

ट्रान्सफॉर्मच्या (एका फ्रेममधली जागा दुसऱ्या फ्रेममध्ये सांगण्याच्या) तक्रारी, एक्स्ट्रापोलेशन वगैरे, यायला लागल्या तर आधी दोन्ही मशीनची घड्याळं बघा. पाय ४ ला स्वतःचं घड्याळच नाही, आणि पाय ५ ला आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या मैदानावर रोबोट भलत्याच वेळेत उठतो. क्रोनी (घड्याळं जुळवणारं सॉफ्टवेअर) टाकून लॅपटॉपलाच टाइम सर्व्हर करा.

टीममध्ये सांभाळताना

मेन ब्रँचवर थेट पुश बंद करा. गिटहब अॅक्शन्समध्ये रॉसच्या अधिकृत डॉकर इमेजवर, जॅझी असेल तर जॅझी, रोज रेपो उतरवून रॉसडेप आणि कोलकॉन बिल्ड आणि कोलकॉन टेस्ट चालवा. हीच ती रिकामी मशीन, फुकटात आणि रोज मिळते. पॅकेज डॉट एक्सएमएलमध्ये कुणी काही लिहायला विसरलं की त्याच रात्री कळतं, आणि टेस्ट एकही नसली तरी नुसता बिल्ड चालवूनच खूप काही पकडलं जातं.

रोबोट नीट चालला त्या दिवशी गिटला टॅग मारा आणि त्यासोबत बॅग, म्हणजे टॉपिकवरच्या मेसेजची फाइल, रेकॉर्ड करा. बॅगमध्ये स्कॅन, ओडोम, टीएफ (ट्रान्सफॉर्म), टीएफ स्टॅटिक आणि कमांड व्हेल (वेगाची कमांड) एवढं असलं तरी लॅबमध्ये न जाता घरी बसून लोकलायझेशन ट्यून करता येतं. कॅमेऱ्याचे कच्चे फोटो रेकॉर्ड करायच्या आधी डिस्क बघा, काही मिनिटांत कार्ड भरतं.

रोबोट स्वतः चालू व्हायला लागला की

शेवटी ब्रिंगअप लाँच सिस्टमडीच्या (मशीन सुरू होताना प्रोग्रॅम चालू करणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) सर्व्हिसमध्ये टाकायचं म्हणजे स्विच दाबला की रोबोट उठतो. लक्षात ठेवा, सिस्टमडी तुमची बॅशआरसी वाचत नाही, म्हणून सोर्स करणं आणि डोमेन आयडी दोन्ही त्या सर्व्हिसच्या स्क्रिप्टमध्ये लिहावं लागतं. इथेच कळतं की कुणाच्या बॅशआरसीत काय काय लपलेलं होतं.

आणि सर्व्हिस चालू करायच्या आधी एक काम करायलाच हवं. डिफ ड्राइव्ह कंट्रोलरमध्ये कमांड व्हेल टाइमआउट असतो, डिफॉल्ट अर्धा सेकंद, तेवढ्या वेळात नवी कमांड आली नाही की चाकं थांबतात. तो बंद करू नका. पण एवढ्यावर भागत नाही, कारण पायच हँग झाला तर तो कंट्रोलरही त्याच्यासोबत गेला, म्हणून तसाच टाइमआउट मायक्रोकंट्रोलरच्या फर्मवेअरमध्येही लिहा, सिरियलवर काही आलं नाही की पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवणारा सिग्नल) शून्य. मग रोबोट स्टँडवर ठेवा, चाकं हवेत, टेलिऑपने पुढे पळवा, आणि चालू असताना आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मग परत चालू करून पायमधून यूएसबी केबल उपटा. दोन्ही वेळा चाकं स्वतःहून थांबली तरच रोबोट जमिनीवर ठेवा.